बिट्टीला विचारून कळवा

१४ ऑगस्ट १९७९

वन्सं,

नमस्कार. काल सुखरूप पोचले.

आमदार निवासात तिसऱ्या मजल्यावर खोली दिली आहे. एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या आणि न मिटणारी एक खिडकी. ह्यांची खोलीही याच मजल्यावर होती म्हणे, चार दारं पलीकडे. शिपाई दाखवायला निघाला होता. मी म्हटलं, नंतर बघू.

शपथ झाली. कागदावर जे लिहिलं होतं ते वाचलं. आवाज बरा लागला, असं अध्यक्षांनी सांगितलं. पोटनिवडणुकीचा अर्ज घेऊन आपल्या घरी आले होते तेच पक्षाचे अध्यक्ष. त्या दिवशी म्हणाले होते, "वहिनी, भाऊंची जागा रिकामी राहता कामा नये." मी मान हलवली होती. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी हो धरलं.

लग्न होऊन आले तेव्हा घरात सगळ्यांत लहान, म्हणून तुम्ही मला धाकटी म्हणू लागलात. काल सभागृहात कुणीतरी "सन्माननीय सदस्या" म्हणालं आणि मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय ते.

वन्सं, तुमचा भाऊ जाऊन पाच महिने झाले आणि मला अजून रडू आलेलं नाही. लोकांना वाटतं, बाई खंबीर आहे. तसं काही नाही. दात काढण्याआधी सुई देतात ना, मग आपलाच ओठ आपल्याला दुसऱ्याचा वाटतो, तसं झालंय. उतरेल म्हणून वाट पाहते आहे.

अधिवेशन पाच आठवड्यांचं आहे. तेवढे दिवस बिट्टीला सांभाळा. मी निघाले तेव्हा ती झोपली होती, उठवली नाही. उठवायला हवी होती का?

तुमची,
धाकटी


२५ ऑगस्ट १९७९

धाकटे,

पत्र मिळालं. उठवली नाहीस ते बरं केलंस. सहा वर्षांची पोर, उगाच रडून गल्ली गोळा केली असती. उठल्यावर तिने विचारलं, पाच आठवडे म्हणजे किती दिवस? मी पस्तीस सांगितले. "बरं" म्हणाली आणि दात घासायला गेली.

तिची काळजी करू नकोस. शाळेतून ती थेट माझ्याकडे इस्पितळात येते. आमच्या शिवणखात्यात सहा मशिनं आणि सात बायका. एक कायम चहाला गेलेली असते, त्यामुळे मशीन कमी पडत नाही. बिट्टी चादरींच्या ढिगावर बसून अभ्यास करते. परवा मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, ही कोण? म्हटलं, नवीन भरती आहे, पगार नाही, फक्त बिस्किटं.

तू रडली नाहीस याचा बाऊ करू नकोस. मीही कुठे रडले? त्या दिवशी आलेल्यांना पाणी देता देता दिवस गेला. दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि ऑपरेशनचे बारा गाऊन शिवले. एकाही गाऊनाची शिवण वाकडी गेली नाही, याची मलाच लाज वाटली.

जेवत जा.

वन्सं


३ मे १९८०

वन्सं,

पाच आठवड्यांचे नऊ महिने झाले. मध्ये मध्ये दोन-दोन दिवस येऊन गेले, ते काही येणं नव्हे. अधिवेशन संपलं की समिती, समिती संपली की दौरा.

कामाचं म्हणाल तर शिकते आहे. हात कधी वर करायचा हे पुढच्या बाकावरच्यांकडे पाहून कळतं. भाषण सचिव लिहून देतो, टाळ्या कुठे येतील तिथे पेन्सिलीने खूण करून देतो. मी तिथे थांबते आणि टाळ्या येतात. दर आठवड्याला कसलं तरी उद्घाटन असतं. फीत कापायची कात्री हटकून बोथट असते. परवा एका दवाखान्याची फीत मी अक्षरशः तोडली.

आता मुद्द्याचं. मला दोन खोल्यांची जागा मिळाली आहे. समोर मुलींची शाळा आहे. जूनपासून बिट्टीला इकडे आणावं असं मनात आहे. दिवसा बघायला बाई मिळेल. पण तिच्या मनाविरुद्ध नको. तुम्ही बिट्टीला विचारून कळवा. ती म्हणेल तसं करीन.

धाकटी


१७ मे १९८०

धाकटे,

विचारलं. नको म्हणते.

आणि खरं सांगू का, मलाही ते पटतं. तिची घडी बसली आहे. वर्गशिक्षिका चांगल्या आहेत, त्याच पुढच्या वर्षीही राहणार. तिकडची हवा दमट, तिला खोकला लवकर होतो. शिवाय तू दिवसभर बाहेर, परक्या बाईच्या हाती पोर. उद्या काही झालं तर? इथे मी आहे, शेजार आहे, इस्पितळ तर आपल्या घरचंच. मोठी झाली की मग बघू.

कात्रीचं वाचून हसले. आमच्या खात्यातली एक पाठवू का? चार पदरी कापड एका दमात कापते.

वन्सं


२६ मे १९८०

वन्सं,

पत्र पोचलं. तिची मर्जी नसेल तर आग्रह नको.

बिट्टीसाठी बूट पाठवते आहे. माप अंदाजाने घेतलं आहे, मोठे झाले तर पुढे कापूस घाला.

धाकटी


८ नोव्हेंबर १९८६

वन्सं,

त्या दिवशी घरी आले आणि अर्ध्या तासात निघाले, नीट बोलणं झालंच नाही. म्हणून लिहिते आहे.

मला राज्यमंत्री का केलं, हे सगळे विचारतात. तुम्हाला खरं सांगते. पक्षात दोन गट, दोघांचंही म्हणणं, समोरच्याचा माणूस नको. मग जी कुणाचीच नाही अशी कोण, तर मी. सात वर्षांत मी कुणाच्या विरुद्ध बोलले नाही, कुणाच्या बाजूनेही नाही. लोक म्हणतात, बाई मुत्सद्दी आहे. वन्सं, मला खरोखर काहीच वाटत नव्हतं हो. दोन्हीकडचं ऐकायची आणि पाणी प्यायची. तेच कामाला आलं.

परवा गाड्यांचा ताफा गल्लीत मावेना, शेजाऱ्यांच्या सायकली उचलून बाजूला ठेवाव्या लागल्या. दारात बिट्टी उभी होती. तेरा वर्षांची, माझ्या खांद्याला लागलेली. माझ्यामागे कलेक्टर, फोटोवाला, अध्यक्ष. ती म्हणाली, "या, बसा ना. आत्या येतेच आहे." आणि सगळ्यांसाठी पाणी आणायला आत गेली.

मला "बसा" म्हणाली. मी बसले. माझ्याच घरात, पाहुण्यांच्या खुर्चीवर. फोटोवाल्याने मायलेकींचा फोटो हवा म्हणून आम्हाला शेजारी उभं केलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही. नुसती उभी राहिली, टेलरकडे माप देताना उभं राहतात तशी.

यावर काही करा असं म्हणत नाही. घडलं ते सांगितलं.

धाकटी


२० नोव्हेंबर १९८६

धाकटे,

मी तिला रागावले. म्हटलं, आईला कुणी अहो-जाहो करतं का? ती म्हणाली, "एवढ्या लोकांत एकदम तोंडून तसंच आलं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आत्या, पण दुसरं काय म्हणायला हवं होतं?" मी भाजी निवडत बसले.

इकडे माझी मात्र चंगळ आहे. मंत्रीणबाईंची नणंद म्हणून लोक अर्ज घेऊन येतात. कुणाची बदली, कुणाच्या मुलाला नोकरी. एक जण तर ऑपरेशनला आत नेत असताना स्ट्रेचरवरून अर्ज देत होता. मी सगळ्यांना एकच सांगते, मी फक्त चादरी शिवते, हवी असेल तर ती देते.

फोटो पेपरात आला. तू छान दिसतेस. बिट्टीने तो कापून ठेवला नाही आणि फाडलाही नाही. रद्दीत गेला.

वन्सं


५ सप्टेंबर १९९१

मा. आरोग्यमंत्री महोदया,

सोबतच्या हुकुमाची प्रत पाहावी. आमच्या इस्पितळाचं शिवणखातं या महिनाअखेर बंद होत आहे. यापुढे चादरी आणि गाऊन बाहेरून तयार येणार. सात बायका घरी. त्यांतली सगळ्यांत जुनी मी, नोकरीची सहा वर्षं शिल्लक होती.

हुकूम आमच्या वरिष्ठांनी वाचून दाखवला. शेवटी खाली सही कुणाची ते वाचलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. बायकांनीही पाहिलं. आमची चहाला जाणारी तेवढी म्हणाली, "घरचाच आहेर म्हणायचा."

तुझं अक्षर सुधारलंय. पूर्वी ओळ तिरपी चढायची, आता सरळ जाते.

आपली,
शिवणखाते (बंद)


१९ सप्टेंबर १९९१

वन्सं,

तुमचं पत्र सचिवाने तक्रारींच्या टपालात ठेवलं होतं. चार दिवसांनी हाती आलं.

खरं तेच लिहिते. तो हुकूम मी वाचला नव्हता. त्या दिवशी टेबलावर फायलींचा गठ्ठा होता. सचिव पान उलटतो, बोट ठेवतो, मी सही करते. एखाद्या फाईलवर मी थांबले तर तो अदबीने म्हणतो, "बाई, हे रुटीन आहे." कॅबिनेट मंत्री झाल्यापासून हा शब्द मी दिवसातून शंभरदा ऐकते. तुम्हीही त्या रुटीनमध्ये होतात.

हुकूम मागे घेता येईल का ते पाहिलं. नाही घेता येणार. सगळ्या जिल्ह्यांना एकच आहे आणि ज्याला हे काम मिळालंय तो मुख्यमंत्र्यांच्या घरातला आहे. मी आग्रह धरला तर जागा सोडावी लागेल. मी आग्रह धरला नाही. तुमची एकटीची सोय दुसऱ्या खात्यात करता येईल, एक फोन पुरे. कळवा.

आणि एक. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. लाज वाटेल म्हणून थांबले होते. नुसतीच बसून राहिले. मग बैठकीची वेळ झाली म्हणून उठले. वन्सं, ती सुई बारा वर्षांत उतरलेली नाही.

धाकटी


२ ऑक्टोबर १९९१

धाकटे,

फोन करू नकोस. बाकी सहाजणींना घरी बसवून मी कुठल्या तोंडाने खुर्चीवर बसू? इस्पितळाने जुनी मशिनं विकायला काढली, त्यातली दोन आणून पुढच्या खोलीत टाकली आहेत. शाळेचे गणवेश शिवते. चहावालीही येते, म्हणजे चहा आता मलाच करावा लागतो.

तू खरं लिहिलंस, म्हणून मीही लिहिते. अकरा वर्षं हे तुला सांगायचं राहिलंय.

तू बिट्टीला न्यायचं म्हणत होतीस, त्या मे महिन्यात मी तिला विचारलं होतं. चादरीच्या घड्या घालत होतो, एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. मी म्हटलं, "बिट्टे, आईकडे राहायला जायचंय?"

ती म्हणाली, "कधी?"

एवढंच. जायचं का, याला तिचं उत्तर "कधी" हे होतं. आणि मी तुला लिहिलं, नको म्हणते.

भाऊ गेला होता. तू गेलीस. घरात एक तीच होती जी मला हाक मारायची. मी लग्न केलं नाही, कुणाकडे काही मागितलं नाही, पण ती गेली असती तर त्या घराचं कुलूप कुणासाठी उघडायचं, हे मला समजत नव्हतं. तिला सांगितलं, आईला सध्या वेळ नाही, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी तिने विचारलं नाही. ती दर शुक्रवारी दप्तर रिकामं करून त्यात दोन फ्रॉक भरायची. रविवारी परत काढायची. दिवाणाआड बसून करायची, मला दिसत नाही असं समजून. हे किती महिने चाललं ते मी मोजलं नाही.

तुझी मुलगी मी चोरली. तुझ्या सहीने माझी नोकरी गेली, माझ्या पत्राने तुझं लेकरू गेलं. फिटंफाट म्हणावी अशी ही गोष्ट नाही, हे मला कळतं.

बिट्टीला यातलं काही सांगितलेलं नाही. तू म्हणशील तर सांगते.

वन्सं


११ मार्च १९९२

वन्सं,

पाच महिने उत्तर दिलं नाही. रागावले असं तुम्हाला वाटलं असेल. राग आला असता तर लगेच लिहिलं असतं.

मला माहीत होतं.

त्या मे महिन्यात तुमचं ते "नको म्हणते"चं पत्र यायच्या दोन दिवस आधी बिट्टीचं आलं होतं. गणिताच्या वहीचं पान, पाकिटावर पत्ता माझ्या पत्रांवरून उतरवलेला. "आई, आत्याने विचारलं. मी येणार आहे. कधी ते लिही. माझे बूट लहान झालेत, नवे तिथेच घेऊ." पुढे शाळेचं काहीतरी होतं.

मी ते वाचलं. मग तुमचं आलं. दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक सात वर्षांच्या मुलीचं, एक मोठ्या माणसाचं. त्याच आठवड्यात मला दौऱ्यांच्या समितीवर घेतलं होतं, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मी तुमच्या पत्रावर विश्वास ठेवला. ते खोटं आहे हे कळत असताना ठेवला. मला सुटल्यासारखं वाटलं, वन्सं. त्या सगळ्या वर्षांत मला स्पष्टपणे वाटलेली ती एकच गोष्ट. म्हणून ती आठवते.

बूट पाठवले. तेवढं केलं.

तेव्हा चोरीचं नाव घेऊ नका. दार मी उघडं टाकलं होतं आणि पाठ फिरवून बसले होते. तुम्ही निदान त्या मुलीसाठी खोटं बोललात. मी फुकटात गप्प बसले.

बिट्टीला सांगायचं की नाही, हे मला ठरवता येत नाही. ठरवण्याची सवय गेली. मी फक्त मंजुरी देते.

धाकटी


२८ मार्च १९९५

वन्सं,

निकाल पेपरात वाचला असेल. सोळा वर्षांनी पडले, आणि चांगलीच पडले. ज्या पोराने हरवलं त्याचा जन्मदाखला बहुधा भाऊंनीच काढून दिला असेल.

कार्यालयात सगळे हळू आवाजात बोलत होते, इस्पितळात आजाऱ्याच्या खोलीबाहेर बोलतात तसं. सचिवाने नव्या मंत्र्यांसाठी खुर्चीची उंची बदलून घेतली. मी आत असतानाच. मला म्हणाला, "बाई, रुटीन आहे." मी म्हटलं, घ्या बदलून.

फोन सोमवारपर्यंत वाजत होता, मंगळवारी थांबला. मी दोनदा उचलून पाहिला, बिघडला तर नाही ना. चालू होता. बंगला पंधरा तारखेपर्यंत सोडायचा आहे. अध्यक्ष आता नव्या लोकांत आहेत, भेटले, म्हणाले, "वहिनी, तब्येतीला जपा." मी एकोणपन्नास वर्षांची आहे आणि मला काहीही झालेलं नाही.

सामान भरताना माझं असं फार निघालं नाही. साड्या, चष्मे आणि शाली. शालींचं काय करतात?

कुठे जायचं ते सुचत नाही. घरी येऊ का? हक्क म्हणून विचारत नाही. बिट्टी आता नोकरी करते, तिचं घर आहे ते. बिट्टीला विचारून कळवा. आणि यावेळी ती जे म्हणेल तेच लिहा, नको म्हणाली तरी.

धाकटी


६ एप्रिल १९९५

आई,

हे पत्र बिट्टीचं आहे. आत्याने तुमचं पत्र मला दिलं आणि म्हणाली, "मला विचारायला लावलंय. मी नाही विचारणार. तूच वाच आणि तूच लिही." मग मशिनवर जाऊन बसली. पाऊण तास मशीन चालू होतं. नंतर पाहिलं तर त्यात दोरा नव्हता.

त्यानंतर तिने कपाटातली तुमची सगळी पत्रं काढून दिली. रविवारी मी ती वाचली. मला वाटलं होतं काहीतरी होईल. झालं नाही. मी कपडे धुतले. तुमच्याकडून मला हेच आलं असावं, लोक म्हणतात की मी दिसायला बाबांवर गेले.

मी त्या वर्षी तुम्हाला पत्र लिहिलं होतं, हे मी विसरले होते. दप्तराचंही, ते आत्याने तोंडी सांगितलं. आत्याला आठवतं, तुम्हाला आठवतं, आणि ज्या मुलीचं ते होतं तिला आठवत नाही. त्यामुळे माफ करायचं म्हटलं तरी कुणी करायचं, हा प्रश्नच आहे. तुम्ही दोघींनी त्यावर फार वेळ घालवू नये असं मला वाटतं.

तुम्ही विचारलंय म्हणून उत्तर देते. या.

काही गोष्टी आधी सांगते. पुढच्या खोलीत मशिनं आहेत, तुम्हाला माझ्या खोलीत झोपावं लागेल. सकाळी आठला मी भूमापन कार्यालयात जाते, दिवसभर नकाशे काढते, सहाला येते. आल्यावर अर्धा तास मला बोलायला आवडत नाही. आत्याचे डोळे कमी झालेत, ती कुणाला सांगत नाही. सुईत दोरा ओवायला माणूस हवं आहे. ते काम तुम्ही करू शकाल. शाली घेऊन या, त्यांचं अस्तर होईल असं ती म्हणते. अर्ज घेऊन कुणी आलं तर घेऊ नका.

मी तुम्हाला अहो म्हणते. अगं म्हणायचा प्रयत्न केला तर खोटं वाटेल, म्हणून करणार नाही. आपोआप झालं तर होऊ दे.

बस दुपारी चारला येते. मला रजा नाही, आत्याला एवढं चालवत नाही, तेव्हा स्टँडवर कुणी नसेल. मंत्री झाल्यापासून तुम्ही इथे गाडीतूनच आलात आणि मधल्या वर्षांत रस्ते बदलले आहेत, म्हणून सोबत नकाशा जोडला आहे. तो कार्यालयातला नाही, मी घरी काढलाय. स्टँडपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ, मग डावीकडे. तिसरी गल्ली बंद आहे, तिच्यात शिरू नका. चौथीत पाचवं घर आपलं. वीस मिनिटं लागतात.

कुणाला पत्ता विचारू नका. लोक ओळखतील आणि गाडीतून सोडायला येतील. चालत या.

बिट्टी